विश्लेषण : गाडीचे तडकलेले ‘फायबर’ घरी दुरुस्त करता येते का?

मडगार्ड, बंपर, जीपचे छत किंवा ट्रॅक्टरचे हूड तडकले की ‘फायबर आहे, बदलावे लागेल’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात खऱ्या फायबरचा बराचसा भाग अंगणात बसून पूर्ववत करता येतो. त्यासाठी लागणारी रसायने मात्र निष्काळजीपणा खपवून घेत नाहीत. काय करावे, काय टाळावे आणि कुठे थांबावे, याविषयी...

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे बाजाराचे गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार येथे भरतो. हंगामात ट्रॅक्टर, पिकअप, छोटे टेम्पो यांची रांग लागते. पुढच्याची ट्रॉली मागे सरकते, मागच्याचा बंपर तडकतो. द्राक्षबागेच्या अरुंद वाटेवर मांडवाच्या अँगलला छत घासते. त्यातच पुराची भर. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा आणि चांदोरीत शिरले होते. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या वाहनांचे इंजिन आणि वायरिंग आधी पाहिले जाते. बाहेरच्या पॅनेलकडे लक्ष जाते ते महिनाभराने, रंग फुगल्यावर.

नवे पॅनेल मागवायचे तर नाशिक गाठावे लागते. जुन्या गाडीचे पॅनेल अनेकदा मिळतच नाही. मग कुणी तार बांधून वेळ मारून नेतो, कुणी तड्यावर लांबी भरून रंग मारतो. दोन-तीन महिन्यांत तडा पुन्हा डोके वर काढतो. याचे कारण फायबर या पदार्थाच्या घडणीतच आहे.

फायबर म्हणजे नेमके काय?

बोलीभाषेत ‘फायबर’ म्हणतात तो काचेचे बारीक तंतू आणि रेझिन यांचा मिश्र पदार्थ. तंतू ताण सोसतात, रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवते आणि आकार देते. घराच्या स्लॅबमध्ये सळई आणि काँक्रीट यांचे जे नाते, तेच येथे काचतंतू आणि रेझिन यांचे. सळई तुटलेल्या स्लॅबवर नुसता गिलावा केला तर तो टिकत नाही. तंतू तुटलेल्या पॅनेलवर नुसती लांबी भरली तर तीही टिकत नाही. लांबीत ताण सोसणारे लांब तंतू नसतात. गाडी खड्ड्यातून गेली की पॅनेल लवते आणि लांबी उकलते.

काचतंतूंचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झाले. १९५३ मध्ये शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट ही फायबरच्या बॉडीची मोटार बाजारात आणली. भारतात १९८० च्या दशकात बंगळूरुच्या सिपानी कंपनीची ‘डॉल्फिन’ आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी मोटार, या दोन्हींच्या बॉडी फायबरच्या होत्या. थोड्या संख्येने बनणाऱ्या वाहनाला फायबर परवडते, कारण पत्रा दाबण्याचे महागडे साचे आणि प्रेस लागत नाहीत. बसच्या पुढचा-मागचा ‘शो’, जीपवर बाहेरून बसवलेले हार्डटॉप, रुग्णवाहिकेची उंच छपरे यांत आजही फायबर दिसते ते याच कारणाने. सायखेड्याच्याच तालुक्यात, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. लढाऊ विमानांच्या नाकावर रडार झाकणारा शंकूही काचतंतूंच्या मिश्र पदार्थाचा असतो, कारण त्यातून रडारच्या लहरी आरपार जातात.

प्लास्टिक आहे की फायबर, हे कसे ओळखायचे?

दुरुस्तीतील पहिली चूक येथेच होते. आजच्या बहुतेक मोटारींचे बंपर आणि दुचाकींचे मडगार्ड हे फायबरचे नसून प्लास्टिकचे असतात. फवारणीच्या ब्लोअरची टाकीही बहुधा प्लास्टिकचीच असते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन या प्लास्टिकवर रेझिन चिकटत नाही. कितीही मॅट लावली तरी वाळल्यावर ती साल निघावी तशी निघून येते.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पॅनेलची मागची बाजू पाहावी. फायबर असेल तर ती खडबडीत असते आणि विस्कटलेल्या गवतासारखे तंतू दिसतात. प्लास्टिकची मागची बाजू गुळगुळीत असते आणि तिच्यावर बहुतेक वेळा ‘पीपी’, ‘एबीएस’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. मागच्या बाजूला कोपऱ्यात पॉलिश पेपर घासून पाहावा. फायबरची पांढरी कोरडी भुकटी पडते, मऊ प्लास्टिकचे धागे-गोळे निघतात. तुटलेल्या कडेला बोट लावू नये. फायबर असेल तर तंतू कातडीत शिरतात आणि दिवसभर खाज सुटते.

तडा किती खोल, हे आधी का पाहायचे?

फायबरच्या पॅनेलवर सर्वांत वर जेलकोट नावाचा रंगीत, कडक थर असतो. कधी कधी फक्त हाच थर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो. मागून पाहिले तर काहीच दिसत नाही. असा तडा खोबणीसारखा उघडून, भरून, घासून रंगवला की काम होते. मागच्या बाजूलाही पांढरी रेघ दिसत असेल किंवा पॅनेल दाबल्यावर तडा उघड-मीट करत असेल, तर तंतू तुटले आहेत. तेथे मॅट लावण्यावाचून पर्याय नाही.

तिसरा प्रकार फसवा असतो. मार बसल्यावर किंवा पाणी मुरल्यावर आतले थर एकमेकांपासून सुटतात. वरून तडा दिसत नाही. नाण्याने हलके ठोकत गेले की ठणठणीत भाग खणखणीत वाजतो आणि सुटलेला भाग बद्द वाजतो. बद्द आवाजाच्या भागाभोवती पेन्सिलने रेघ ओढावी. दुरुस्ती तेवढ्या सगळ्या भागाची करायची असते, दिसणाऱ्या तड्यापुरती नाही.

तडा का पडला, हेही शोधावे. बोल्टच्या भोकापासून सुरू झालेला तडा बहुधा बोल्ट जास्त आवळल्याने किंवा वॉशर नसल्याने पडलेला असतो. मोठा वॉशर आणि त्याखाली रबर घातले नाही, तर उत्तम दुरुस्तीही त्याच जागी पुन्हा तडकते.

साहित्य काय लागते?

घरगुती कामाला साधे पॉलिएस्टर रेझिन पुरते. नाशिक शहरात सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती असल्याने असे साहित्य मिळवणे जिल्ह्यात अवघड नाही. रेझिनसोबत दोन छोट्या बाटल्या लागतात : ‘कोबाल्ट’ आणि ‘हार्डनर’. काचतंतूंची मॅट वजनावर ओळखली जाते. एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम आणि ४५० ग्रॅम या मॅट सर्रास वापरल्या जातात. ४५० ग्रॅम मॅटचा एक थर वाळल्यावर साधारण १ मिलिमीटर जाडीचा होतो. म्हणजे ३ मिलिमीटरच्या पॅनेलला तीन थर.

हिशेब असा मांडता येतो. ३० सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद ठिगळ, तीन थर, तर मॅट सुमारे १२० ग्रॅम. अशा मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागते, म्हणजे अडीचशे ते तीनशे ग्रॅम. हे रेझिन एकदम कालवायचे नाही. एका वेळी १०० ते १५० ग्रॅम पुरे. रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते. डब्यात जास्त साठा असेल तर ती उष्णता कोंडते, डबा धुमसतो आणि रेझिन वापरण्याआधीच दगड होते.

याशिवाय ब्रश, छोटा खाचांचा रोलर, ४०, ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे पॉलिश पेपर, ॲसिटोन, स्वयंपाकघरात परत न जाणारा वजनकाटा आणि सुईविना सिरिंज एवढे लागते. अंगासाठी नायट्राइलचे हातमोजे, चारही बाजूंनी बंद असलेला चष्मा, घासताना एन-९५ मास्क आणि रेझिनच्या वाफेसाठी कार्बन काडतुसाचा मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल यांपैकी कशालाही पर्याय नाही.

कोबाल्ट आणि हार्डनर यांना का घाबरायचे?

या कामातील सर्वांत मोठा धोका येथे आहे. हार्डनर म्हणून मिळणारा द्रव मेथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड असतो. कोबाल्टचे जांभळट द्रावण ही क्रिया वेगाने घडवून आणते. हे दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. म्हणून क्रम पाळलाच पाहिजे. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून ते पूर्ण एकजीव करायचे, त्यानंतरच हार्डनर घालायचे. दोन्हींसाठी वेगळी सिरिंज, वेगळी काडी, वेगळी जागा. काही रेझिनमध्ये कोबाल्ट कारखान्यातच मिसळलेले असते, ते गुलाबी-जांभळट दिसते. त्यात पुन्हा कोबाल्ट घालायचे नाही. विकत घेतानाच दुकानदाराला हे विचारून डब्यावर लिहून ठेवावे.

हार्डनरचे प्रमाण १०० ग्रॅम रेझिनला साधारण १ ते २ मिलिलिटर असते. कोबाल्टचे प्रमाण त्याच्या तीव्रतेवर ठरते, ते डब्यावरच्या सूचनेप्रमाणेच घ्यावे. ‘जास्त घातले की लवकर वाळेल’ हा हिशेब चुकीचा आहे. जादा हार्डनरने रेझिन ठिसूळ होते.

हार्डनर पाण्यासारखे नितळ दिसते. डोळ्यात उडालेला एक थेंबही कायमचे अंधत्व आणू शकतो. तसे झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर धरावी आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. घरापासून डॉक्टर दूर असेल तर पाणी हाताशी ठेवूनच काम सुरू करावे. हार्डनर पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये. कीटकनाशकांच्या बाबतीत शेतकरी कुटुंबांना हा धडा ठाऊक आहे, येथेही तोच लागू आहे. हार्डनर आणि ॲसिटोन एकत्र येऊ देऊ नयेत, सांडलेले हार्डनर लाकडाच्या भुशाने किंवा चिंध्यांनी पुसून तसेच टाकू नये. रेझिनमधील स्टायरीनची वाफ पेट घेणारी असते. त्यामुळे काम उघड्या जागी, चूल, बिडी-सिगारेट आणि वेल्डिंगपासून दूर करावे.

प्रत्यक्ष दुरुस्ती कशी करतात?

शक्यतो पॅनेल गाडीवरून उतरवावे. साबणाने धुऊन, वाळवून, ॲसिटोनने पुसावे. पॉलिशचे मेण आणि ग्रीस आधी काढायचे, मगच घासायचे. उलट केले तर मेण घासपट्टीने आत रगडले जाते. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही.

मग ४० नंबरच्या पेपरने किंवा ग्राइंडरने तड्याच्या कडा उतरत्या करायच्या, ताटलीच्या काठासारख्या. उतार जाडीच्या बारा पट असावा, हा जाणकारांचा ठोकताळा. ३ मिलिमीटरच्या पॅनेलला तड्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ४ सेंटिमीटर. एवढे चांगले पॅनेल घासून टाकताना हात कचरतो. पण नव्या-जुन्या थरांची पकड या उतारावरच अवलंबून असते. रासायनिक सांधा जुळत नसतो, जुने रेझिन केव्हाच पूर्ण वाळलेले असते. पकड मिळते ती खरखरीत पृष्ठभागाची.

मजबुती आधी मागून द्यायची. मोठे छिद्र असेल तर पुढच्या बाजूने मेण लावलेला पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटपट्टीने बसवावा, म्हणजे आकार राहतो. मॅटचे तुकडे कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडावेत. फाटलेल्या कडेचे विरळ तंतू शेजारच्या भागात मिसळतात आणि पायरी उठत नाही. पृष्ठभागावर रेझिनचा हात फिरवून सर्वांत मोठा तुकडा आधी ठेवावा, त्यावर क्रमाने लहान. ब्रश ओढायचा नाही, टोचल्यासारखा दाबायचा. पांढरी मॅट पारदर्शक झाली की ती भिजली असे समजावे. रोलरने हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत. राहिलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे उद्याचा फोड.

रेझिन घट्ट झाले तरी वरचा पृष्ठभाग चिकट राहतो. हवेच्या संपर्कामुळे तसे होते. त्याच दिवशी पुढचा थर द्यायचा असेल तर हा चिकटपणा उपयोगीच पडतो. मध्ये एक-दोन दिवस गेले तर मात्र पुन्हा घासूनच पुढचा थर द्यावा. मागची बाजू कडक झाल्यावर पुढून तडा खोबणीसारखा उघडून तेथेही पातळ मॅट द्यायची, पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील अशी. लांबीची पाळी त्यानंतर येते आणि तीही दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको. ८०, १२०, २२० असे पेपर बदलत घासावे. शेवटी ४०० चा पेपर पाण्यासोबत. रंगाची घाई करू नये. एक-दोन दिवस पॅनेल मोकळ्या हवेत ठेवले नाही, तर आतली वाफ रंगाखाली फुगे उठवते.

हवामानाचा काय संबंध?

निफाड तालुक्यात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत हिवाळ्यात निफाडचे नाव हमखास असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. पॉलिएस्टर रेझिन साधारण १५ अंशांखाली नीट वाळत नाही, मऊच राहते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी हे काम करू नये. दुपारी अकरा ते तीन हा वेळ बरा. उन्हाळ्यात उलटे होते. चाळिशीच्या आसपासच्या उन्हात रेझिन ब्रशवरच घट्ट होते. तेव्हा सावलीत, थोडे थोडे कालवून आणि हार्डनर कमी प्रमाणाच्या बाजूला ठेवून काम करावे. पावसाळ्यात पॅनेल आणि मॅट पूर्ण कोरडी असल्याशिवाय सुरुवातच करू नये. पुरात बुडालेल्या पॅनेलमध्ये तंतूंच्या वाटेने पाणी आतवर शिरते. ते उघडून कित्येक दिवस वाळवावे लागते. बद्द आवाज येणारा भाग कापून काढणे हाच मार्ग.

कोणती दुरुस्ती घरी करूच नये?

हेल्मेटचे कवच फायबरचे असले तरी ते कधीही जोडू नये. मार बसलेले हेल्मेट टाकून द्यायचे असते. चासी, सीटचे किंवा पट्ट्याचे अँकर जेथे जोडलेले आहेत असा भाग, गॅस किंवा इंधनाच्या टाकीजवळचा भाग आणि ज्या भागावर माणसे उभी राहतात असे छत, ही कामे कसबी कारागिराची. पूरग्रस्त गावांत बचावासाठी वापरल्या जाणाऱ्या होड्यांत फायबरच्या होड्याही असतात. त्यांच्या तळाचा तडा हा अंगणातल्या प्रयोगाचा विषय नाही. मात्र नाण्याने ठोकून बद्द आवाज शोधणे कुणालाही जमते. ती तपासणी मे महिन्यात झाली तर दुरुस्तीला वेळ मिळतो. पाणी पुलाला टेकल्यावर मिळत नाही.

विमा आणि नियम काय सांगतात?

प्लास्टिक की फायबर हा प्रश्न पैशांचाही आहे. सर्वसाधारण वाहन विमा दाव्यात रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के. फायबरचे पॅनेल प्लास्टिक म्हणून नोंदले गेले तर ग्राहकाचे नुकसान होते. घसारा माफ करणारी जादा पॉलिसी असेल तर हा फरक उरत नाही. दावा करायचा असल्यास सर्व्हेअरने पाहण्याआधी पॅनेलला हात लावू नये, छायाचित्रे काढून ठेवावीत. मूळ आकारात केलेली दुरुस्ती नियमात बसते. पण बदललेला रंग किंवा बॉडीचा बदललेला प्रकार नोंदणी पुस्तकातील नोंदीशी जुळला पाहिजे. तसा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी.

उरलेल्याचे काय करायचे?

वाळलेले फायबर पुन्हा वितळत नाही, त्यामुळे भंगारवाला ते घेत नाही. ते बांधावर जाळले तर दाट विषारी धूर होतो. नदीत टाकले तर तंतू आणि भुकटी खाली वाहत जाते. सायखेड्याच्या खालच्या अंगाला गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. उरलेले रेझिन थोड्या हार्डनरने कडक करून, थंड झाल्यावर सुक्या कचऱ्यात द्यावे. घासण्याची भुकटी ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधावी, झाडूने उडवू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. अंगाला खाज सुटल्यास आधी गार पाण्याने धुवावे, चोळू नये.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने थेट गाडीच्या पुढच्या भागाला हात घालू नये. भंगारातला फायबरचा एखादा तुकडा आणावा, तो मुद्दाम तोडावा, जोडावा आणि दोन दिवसांनी पुन्हा वाकवून पाहावा. जोड सोडून दुसरीकडे तुटला तर पद्धत बरोबर जमली. जोडावरच उकलला तर उतार कमी घासला गेला किंवा पृष्ठभागावर मेण राहिले, हे बहुतेक वेळा खरे निघते.